बटण दाबलं की कुत्रं खरंच पळतं का? ‘अल्ट्रासोनिक’ यंत्रांचं खरं-खोटं

हिंजवडीतली रात्रपाळी संपवून दुचाकीवरून माण-मारुंजीकडे परतणारे, पहाटे पिरंगुटला फिरायला निघणारे, रविवारी पौडवरून ताम्हिणीकडे सायकल दामटणारे. मुळशी तालुक्यातल्या या सगळ्यांना एक धास्ती सारखीच असते, ती म्हणजे अंगावर येणाऱ्या मोकाट कुत्र्यांची. त्यावर ऑनलाइन बाजारात एक तोडगा विकला जातो. टॉर्चएवढं यंत्र, त्याचं बटण दाबायचं. माणसाला काही ऐकू येत नाही, कुत्रं मात्र पळून जातं. ना दगड, ना काठी.

धास्ती खोटी नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये देशभरात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदवल्या गेल्या. त्यातल्या सुमारे ४ लाख ८५ हजार महाराष्ट्रातल्या होत्या. पण हे यंत्र त्यावरचा उपाय आहे का?

आपल्याला न ऐकू येणारा आवाज

माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. वय वाढतं तशी ही मर्यादा आणखी खाली येते. कुत्र्याला मात्र सुमारे ४५ हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात ही यंत्रं आवाज काढतात.

कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधले शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७६ मध्ये अशी शिट्टी बनवली. ती काठीत बसवून ते लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आणि रस्त्यांवर प्राण्यांजवळ वाजवत फिरायचे. लहान कुत्र्यांना ती ऐकू येते, मोठ्यांना नाही, असं त्यांचं मत झालं. ते चुकीचं होतं. १९८३ मध्ये अमेरिकन संशोधक हेन्री हेफनर यांनी छोट्या चिवावापासून धिप्पाड सेंट बर्नार्डपर्यंतची कुत्री तपासली. आकारामुळे ऐकण्यात फरक पडत नाही, असं त्यात दिसलं.

म्हणजे जाहिरातीतला अर्धा भाग खरा आहे. कुत्र्याला आवाज ऐकू येतो. प्रश्न आहे तो पुढच्या अर्ध्या भागाचा.

ऐकू येणं वेगळं, घाबरणं वेगळं

आपल्याकडे दगड उचलायला नुसतं वाकलं तरी गल्लीतलं कुत्रं पळतं. ते वाकण्याला घाबरत नाही. वाकण्यापाठोपाठ दगड येतो, हे त्याला अनुभवानं ठाऊक असतं. ‘हाड’ म्हटलं की ते लांब जातं आणि ‘यू यू’ म्हटलं की जवळ येतं, तेही याच कारणामुळे. त्या शब्दांना अर्थ असतो तो त्यांच्यापाठोपाठ जे घडतं त्यामुळे.

यंत्राच्या आवाजाचंही तसंच आहे. पहिल्यांदा ऐकल्यावर कुत्रं दचकतं, कान टवकारतं, थांबतं. पण पुढे काहीच घडत नाही म्हटल्यावर त्याला आवाजाची सवय होते. २००६ मध्ये ब्रिटनमधल्या बागांत मांजरांना रोखणाऱ्या अशा यंत्राचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मांजरांचा वावर काही प्रमाणात कमी झाला, थांबला नाही. उंदीर-कीटक पळवणाऱ्या अल्ट्रासोनिक यंत्रांबद्दल तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये ६० हून अधिक उत्पादक आणि विक्रेत्यांना ताकीद दिली होती: दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा.

आणखी अडचणी आहेत. इतका उंच आवाज हवेत लवकर विरतो आणि भिंतीपलीकडे फारसा जात नाही. म्हाताऱ्या कुत्र्याला तो ऐकू येईलच असं नाही. पिल्लांना राखणारी कुत्री किंवा चवताळलेली टोळी दचकूनही मागे हटेल, याची खात्री नाही. शिवाय तो आवाज गोठ्यातल्या गायीला, शेळीला आणि मांजरालाही ऐकू येऊ शकतो.

दुचाकीस्वाराला तर बटणासाठी एक हात सोडावा लागतो. त्यापेक्षा वेग कमी करणं बरं. कुत्री पळत्या वस्तूच्या मागे लागतात, वस्तू थांबली की अनेकदा त्यांचा जोर ओसरतो. पायी असाल तर धावू नका, डोळ्यांत रोखून पाहू नका, सावकाश बाजूला व्हा.

शिट्टी कामाची, पण शिकवायला

हाच आवाज प्रशिक्षणात उपयोगी पडतो. शिट्टी वाजली, कुत्रं आलं, खाऊ मिळाला. असं रोज थोडा वेळ केलं की शिट्टीला अर्थ येतो. शिट्टीचा सूर कायम तोच असतो. हाक मारणाऱ्याचा राग किंवा घाई त्यात उतरत नाही.

तोच आवाज शिक्षा म्हणून वापरला की चित्र बदलतं. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दटावून, त्रास देऊन शिकवलेल्या कुत्र्यांमध्ये बक्षीस देऊन शिकवलेल्यांपेक्षा तणावाची लक्षणं जास्त आढळली.

मुळशीतल्या फार्महाऊसवर आठवडाभर साखळीला बांधलेलं कुत्रं भुंकतं, ते बऱ्याचदा एकटेपणामुळे किंवा कंटाळ्यामुळे. त्याच्यासमोर ‘भुंकणं थांबवणारं’ यंत्र लावलं तर ते आवाजापासून पळूनही जाऊ शकत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार, नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर ती मालकाने केलेली क्रूरता ठरते.

मग उपाय कुठे आहे?

कुत्री टिकतात ती उघड्यावरच्या अन्नावर. हॉटेलांचं खरकटं, पर्यटकांनी टाकलेलं खाणं, रस्त्याकडेचे कचऱ्याचे ढीग. तिथून एक टोळी हुसकली तर दुसरी येते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर आहे, त्यात ग्रामपंचायतीही आल्या.

मुळशीत इथेच गाठ बसते. सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले. त्याच वेळी शेजारच्या भूगावचा कारभार ग्रामपंचायतीकडेच राहिला. कुत्र्यांना ही हद्द कळत नाही. एका बाजूला मोहीम झाली आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर संख्या पुन्हा भरून येते.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्लीबाबतचा आपला आधीचा आदेश बदलला. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्र्यांना त्यांच्याच भागात सोडावं, रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री सोडू नयेत, असं सांगितलं. ७ नोव्हेंबरच्या आदेशात मात्र शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा ठिकाणची कुत्री हटवून निवाऱ्यात ठेवण्यास सांगितलं. हा आदेश देशभरासाठी आहे, त्यामुळे निवारे उभे करण्याचा प्रश्न मुळशीतही येतो.

यंत्र खिशात ठेवायला हरकत नाही. त्यानं एक-दोन सेकंद मिळू शकतात. पण त्याच्या भरवशावर निर्धास्त होणं धोक्याचं आहे, कारण रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. कुत्रा चावला किंवा त्याचा ओरखडा आला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काहीही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा आणि सगळे डोस पूर्ण करा.