गोसाबात माणसं किती? उत्तर अजून २०११ मध्येच अडकलंय

पश्चिम बंगालच्या नकाशावर अगदी खाली बघा. जिथे वस्ती संपते आणि पुढे फक्त नद्या, खारफुटी आणि वाघ उरतात, तिथे गोसाबा नावाचा एक ब्लॉक आहे. ब्लॉक म्हणजे काय? आपल्याकडे पंचायत समितीचा कारभार जेवढ्या भागावर चालतो, साधारण तेवढा भाग. तिथला बीडीओ म्हणजे आपला गटविकास अधिकारी. दक्षिण २४ परगणा जिल्हा, कॅनिंग उपविभाग, १४ ग्रामपंचायती आणि शहर एकही नाही. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २,४६,५९८.

हा आकडा आत्ता का काढायचा? कारण २०२१ची जनगणना झालीच नाही आणि पुढची शिरगणती आता फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. मधल्या काळात गोसाबाने अम्फान (२०२०), यास (२०२१) आणि रेमाल (२०२४) अशी तीन मोठी वादळं पाहिली. म्हणजे या तिन्ही वादळांनंतर तिथे नेमकं कोण राहतंय, हे कुणी दारोदार जाऊन मोजलेलंच नाही.

बेटांचा तालुका

सुंदरबनच्या भारतातल्या भागात १०२ बेटं आहेत, त्यातल्या ५४ बेटांवर वस्ती आहे. गोसाबा ब्लॉक अशाच बेटांचा मिळून झालाय: रांगाबेलिया, सातजेलिया, बाली, कुमीरमारी, छोटो मोल्लाखाली. कोलकात्याहून कॅनिंगपर्यंत लोकल, तिथून रस्त्याने गोदखाली आणि पुढे होडी. दवाखाना असो की कॉलेज, भरती-ओहोटीचं वेळापत्रक डोक्यात ठेवूनच निघायचं.

ही बेटं मुळात जंगलाची. ब्रिटिश काळात जंगल तोडून, बांध घालून शेतजमीन काढली गेली. डॅनियल हॅमिल्टन या स्कॉटिश माणसाने १९०३ पासून इथे वसाहत उभी केली. मेदिनीपूरचे शेतकरी आले, छोटा नागपूरचे आदिवासी आले, फाळणीनंतर पूर्व बंगालमधले निर्वासित आले. आजही निम्म्याहून जास्त लोक अनुसूचित जातींचे आहेत.

आता खरी गोम. कोकणात खारबंदिस्ती असते ना, तसाच हा प्रकार, फक्त प्रचंड मोठा. अख्ख्या सुंदरबनात सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचे बांध आहेत. नदी गाळ आणते आणि बेट हळूहळू उंच होतं, हा निसर्गाचा नियम. बांध घातल्यावर गाळ आत येईना, तो नदीच्या पात्रात साचू लागला. परिणाम असा, की भरतीच्या वेळी नदीचं पाणी वर आणि गाव खाली. बांध फुटला की खारं पाणी थेट भातखाचरात. त्यानंतर दोन-तीन वर्षं पीक धड येत नाही.

शेत गेलं की माणूस जातो

भाताचं मुख्य पीक पावसावरचं, वर्षातून एकदा. बाकी मासेमारी, खेकडे, मध. त्यासाठी जंगलात शिरायचं, म्हणजे वाघाचा धोका. वाघाने मारलेल्यांच्या बायकांना तिथे ‘बाघ-बिधवा’ म्हणतात. एखाद्या गोष्टीला वेगळा शब्द असणं म्हणजे ती किती नेहमीची आहे, हे कळतंच.

मे २००९ मध्ये आयला वादळाने शेतं खारट केली आणि तरुण मुलं केरळ, तामिळनाडूकडे बांधकामावर निघाली. २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या १८ टक्क्यांनी वाढली, गोसाबाची साधारण ११ टक्क्यांनीच. हे सगळं आयलामुळेच झालं असं म्हणता येणार नाही, पण हा फरक दुर्लक्ष करण्यासारखाही नाही.

तरी गर्दी कमी नाही. चौरस किलोमीटरला सुमारे ८३० माणसं. महाराष्ट्राची सरासरी आहे ३६५. टॉवर नाहीत, मजले नाहीत, तरी ही दाटी. पाणी शिरलं तर मागे सरकायला जागाच नाही.

फेब्रुवारीचा फोटो, मेचं वादळ

जनगणनेत माणूस मोजला जातो तो मोजणीच्या काळात जिथे राहतोय तिथे. म्हणजे केरळात स्लॅब टाकणारा गोसाबाचा मुलगा केरळच्या खात्यात जाणार. बीड जिल्ह्यातले ऊसतोड मजूर फेब्रुवारीत फडावर असतात, तसंच हे. रेशन कार्ड, घर, म्हातारे आईबाप मात्र गावातच.

त्यामुळे दोन उलट्या चुका होऊ शकतात. आकडा कमी आला की ‘लोक कमी झाले’ म्हणून निधीला कात्री लागेल. किंवा निवारा केंद्रं एकूण आकड्यावर बांधली जातील, पण वादळाच्या रात्री तिथे पोचायचंय कुणाला? म्हाताऱ्यांना, लहान मुलांना आणि त्या दोघांना सांभाळणाऱ्या बायकांना. आयला, अम्फान, यास, रेमाल ही चारही वादळं मे महिन्यातली. फेब्रुवारीच्या यादीवर मेची तयारी करायची, तर एकूण आकड्यापेक्षा वय आणि लिंगानुसार आकडे जास्त कामाचे. स्थलांतराची कोष्टकंही वेळेत हवीत. मागच्या वेळी ती यायला २०१९ उजाडलं.

आपल्याला पाठ असलेली ‘२०११ची लोकसंख्या’ परीक्षेपुरती ठीक आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली किती जणांना धान्य मिळणार, हे मात्र आजही त्याच आकड्यावर ठरतं. २०११ नंतर गोसाबात जन्मलेली मुलं आता दहावीच्या उंबरठ्यावर आहेत. देशाच्या हिशेबात ती अजून आलेलीच नाहीत. २०२७ चे आकडे येतील तेव्हा मथळा देशाच्या एकूण लोकसंख्येचा असेल. आपण मात्र ब्लॉकच्या पानापर्यंत खाली जाऊन बघायला हवं, की गावात कोण उरलंय.