ट्यूनिंगवर लाखाचा खर्च, डिफरेन्शियलच्या तेलाकडे दुर्लक्ष. एलएसडी सांभाळायचा कसा?

ऊसतोडीच्या हंगामात भरलेली ट्रॉली रानातल्या चिखलात रुतली की ट्रॅक्टरवाला काय करतो? डिफ-लॉकचं पेडल दाबतो. तोवर एक चाक जागेवर गरागरा फिरत असतं आणि दुसरं नुसतं उभं असतं. पेडल दाबताच दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि ट्रॅक्टर बाहेर पडतो. डांबरी रस्त्याला लागण्याआधी तो पेडल सोडतो, कारण दोन्ही चाकं जखडलेली असताना ट्रॅक्टर नीट वळत नाही.

हे ज्याला ठाऊक आहे, त्याला लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल म्हणजे एलएसडी समजायला वेळ लागणार नाही. डिफ-लॉक पूर्ण जखडतो. साधा डिफरेन्शियल अजिबात जखडत नाही. एलएसडी या दोघांच्या मधला आहे. गरज पडेल तेवढंच जखडतो आणि वळताना सोडतो, तेही पेडल न दाबता.

कोल्हापूरला गाड्यांचा शौक नवा नाही. पुण्या-मुंबईतून सेकंडहँड परफॉर्मन्स कार आणायची, ईसीयू रिमॅप करायचा, एक्झॉस्ट बदलायचा, चाकं मोठी करायची. या सगळ्याची बिलं मालक हौसेने दाखवतो. पण डिफरेन्शियलचं तेल शेवटचं कधी बदललं, असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की एलएसडी हा ब्रेक पॅडसारखाच झिजणारा भाग आहे. तो न मोजता चालवणं आणि न मोजता उघडणं, दोन्ही सारखंच महागात पडतं.

डिफरेन्शियल हवाच कशाला?

वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही एकाच वेगाने फिरली तर एक घासत जाणार. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर कार्ट चालवली असेल तर हे अंगाला जाणवलं असेल. कार्टला डिफरेन्शियल नसतो, मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असतात. म्हणून वळताना आतलं मागचं चाक जरा उचललं जावं लागतं, नाहीतर कार्ट वळायला मागत नाही.

कारमध्ये चाक उचलत बसणं परवडत नाही. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच कारागिराने १८२७ मध्ये डिफरेन्शियलचं पेटंट घेतलं आणि तीच कल्पना आजही चालते. दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू शकतात. मात्र साधा डिफरेन्शियल दोन्ही चाकांना जवळपास सारखाच टॉर्क देतो. एक चाक ओल्या रस्त्यावर घसरलं, त्याला टॉर्क पेलता येईना, की चांगली पकड असलेल्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच कमी टॉर्क मिळतो. १९३० च्या दशकात ऑटो युनियनच्या ताकदवान रेसिंग कारमध्ये हीच अडचण आली, आणि फर्डिनांड पोर्शे यांच्या सांगण्यावरून झेडएफने घसरण मर्यादित ठेवणारा डिफरेन्शियल तयार केला.

आत नेमकं काय असतं?

रेसिंगच्या जगात जास्त दिसतो तो क्लच-प्लेटचा प्रकार. बाईकच्या क्लचसारख्या पातळ प्लेटांचा गठ्ठा असतो. एक प्लेट बाहेरच्या हाऊसिंगला अडकलेली, पुढची साइड गिअरला, अशा आळीपाळीने. मध्ये दोन प्रेशर रिंग असतात आणि त्यांना उतरत्या खाचा. इंजिनचा जोर आला की पिनियनचा दांडा या खाचांत चढतो, रिंगा बाहेर ढकलल्या जातात आणि प्लेटा आवळल्या जातात. जोर जास्त, आवळणं जास्त. खाचेचा कोन बदलला की गाडीचा स्वभाव बदलतो. जोर नसतानाही थोडी पकड राहावी म्हणून स्प्रिंगचा दाब दिलेला असतो, त्याला प्रीलोड म्हणतात.

दुसरा प्रकार हेलिकल गिअरचा, म्हणजे टॉर्सन आणि त्याचे भाऊबंद. यात प्लेटांचा गठ्ठा नाही, गिअरच्या दातांमधल्या घर्षणावर काम चालतं. म्हणून तो जास्त टिकतो. पण एक चाक पूर्ण हवेत गेलं तर तो बराचसा साध्या डिफरेन्शियलसारखा वागतो.

आधी बघा, तुमच्या गाडीत आहे का?

ही पायरी अनेक जण गाळतात. ब्रोशरमध्ये ‘इलेक्ट्रॉनिक डिफरेन्शियल लॉक’ लिहिलं म्हणजे आत प्लेटा असतीलच असं नाही. २०१६ मध्ये भारतात आलेल्या फोक्सवॅगन पोलो जीटीआयमधली एक्सडीएस यंत्रणा आतल्या चाकाला हलका ब्रेक लावते, तिथे रिबिल्ड करण्यासारखं काही नाही. उलट २०२० मध्ये फक्त २०० गाड्यांच्या संख्येत आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ मध्ये कॉम्प्युटरने चालणारा खरा क्लचचा गठ्ठा आहे. २०२० च्या महिंद्रा थारच्या काही मॉडेलमध्ये मागच्या ॲक्सलला मेकॅनिकल लॉकिंग डिफरेन्शियल आहे. तो चाकांच्या वेगात ठरावीक फरक पडला की पूर्ण लॉक होतो, म्हणजे ट्रॅक्टरच्या जास्त जवळचा. तिन्हींची देखभाल वेगळी. म्हणून चेसिस नंबरवरून नेमका प्रकार आणि त्याचं तेल शोधा, मग पुढे जा.

बिघडतो कसा?

क्लच-प्लेटचा एलएसडी एका दिवसात मरत नाही. प्लेटा झिजतात, प्रीलोड कमी होतो आणि गाडी हळूहळू साध्या डिफरेन्शियलसारखी वागू लागते. रोज चालवणाऱ्याला हा बदल कळत नाही, कारण तोही त्याची सवय करून घेतो. कळतं ते पावसाळ्यात, गगनबावड्याकडून करूळ घाट उतरताना किंवा आंबा घाटाच्या ओल्या वळणावर, ॲक्सिलरेटर दिल्यावर आतलं चाक नुसतं फिरतं तेव्हा. उलट बाजूही आहे. चुकीच्या तेलामुळे प्लेटा धरून-सोडून चालू लागल्या तर वळणावर गाडी झटके देते. घाटात दोन्ही वाईट, कारण ड्रायव्हरला अपेक्षित असतं एक आणि गाडी करते दुसरं.

झिजण्याची दोन कारणं घरगुती आहेत. पहिलं तेल. प्लेटांची झीज तेलातच साठते आणि हायपॉइड गिअरला लागणारं साधं जीएल-५ तेल प्रत्येक एलएसडीला चालतंच असं नाही. काहींना फ्रिक्शन मॉडिफायर लागतो, हेलिकलला बहुधा लागत नाही. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत डिफरेन्शियल गिअरबॉक्सच्याच तेलात बुडालेला असतो, त्यामुळे प्लेटांची पूड थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगपर्यंत जाते.

दुसरं टायर. एकाच ॲक्सलवर एक नवा आणि एक झिजलेला टायर लावला, समजा रबराच्या जाडीत ५ मिलिमीटरचा फरक आहे, तर साधारण ३२० मिलिमीटर त्रिज्येच्या चाकाला दर किलोमीटरला जवळपास ८ फेऱ्यांचा फरक पडतो. कोल्हापूर ते पुणे २३० किलोमीटर धरले तर सरळ रस्त्यावरही सुमारे १,८०० फेऱ्या. एवढ्या फेऱ्या डिफरेन्शियलला विनाकारण झेलाव्या लागतात. एक टायर फुटला म्हणून एकच बदलण्याची काटकसर एलएसडीच्या गाडीत काटकसर राहत नाही.

उघडण्याआधी मोजा

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. इंजिनिअरिंगला असताना आमच्या टीमने फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेसाठी गाडी बांधली होती. तिचा सेकंडहँड एलएसडी आम्ही उत्साहाने उघडला. प्लेटांचा क्रम लिहिला नाही, फोटो काढला नाही, आधी प्रीलोड किती होता तेही मोजलं नाही. परत जोडल्यावर गाडी वळणात शिरायलाच तयार नव्हती, नाक सरळच जायचं. प्रीलोड जास्त बसला होता. किती जास्त, हे सांगायला आमच्याकडे आधीचा आकडाच नव्हता. स्पर्धेआधीच्या दोन रात्री चार वेळा उघडण्या-जोडण्यात गेल्या.

क्लच-प्लेटच्या एलएसडीची मोजणी अवघड नाही. ॲक्सलचं एक चाक स्टँडवर उचललेलं, दुसरं जमिनीवर, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला आणि बाकीच्या चाकांना ठोकळे. उचललेल्या चाकाच्या हबला टॉर्क पाना लावायचा आणि ते किती जोराला फिरू लागतं ते वाचायचं. हा ब्रेकअवे टॉर्क मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायचा. सोबत तेल काढून ड्रेन प्लगचं चुंबक बघायचं. राखाडी मलमासारखी पूड ही नेहमीची झीज, चकचकीत तुकडे दिसले तर गिअर किंवा बेअरिंगचं बघावं लागेल. झटके येत असतील तर आधी योग्य तेल भरून बघा. कित्येकदा तेवढ्यावरच काम भागतं आणि रिबिल्डचा खर्च वाचतो.

एक धोक्याची सूचना. एलएसडीच्या गाडीचं एकच चाक उचलून, इंजिन चालू ठेवून गिअर टाकू नका. जमिनीवरच्या चाकालाही जोर मिळतो आणि गाडी जॅकवरून उडी मारू शकते.

रिबिल्डमध्ये काय बघायचं?

चांगला मिस्त्री पाना हातात घेण्याआधी मार्कर घेतो. बेअरिंग कॅप डावी-उजवी, वर-खाली अशा खुणा करतो, कारण त्या अदलाबदल करायच्या नसतात. क्राऊन-पिनियनचा बॅकलॅश उघडण्याआधी डायल गेजने मोजून लिहितो. मग प्रत्येक प्लेट मायक्रोमीटरने मोजली जाते आणि सपाट सरफेस प्लेटवर ठेवून फीलर गेजने वाकलेली आहे का ते बघितलं जातं. जळून निळी पडलेली प्लेट बाद. नव्या प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजत ठेवल्या जातात. गठ्ठ्याची उंची शिम किंवा वेगळ्या जाडीच्या प्लेटांनी जुळवली जाते.

शेवटी बॅकलॅश पुन्हा. अनेक गाड्यांत तो ०.१० ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास असतो, पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्यायचा. दातांना रंग लावून ठसा कुठे उमटतो ते बघायचं. हे चुकलं तर एलएसडी उत्तम असूनही क्राऊन-पिनियन रडू लागतो.

जोडल्यावर मोकळ्या मैदानात हळू वेगाने दोन्ही बाजूंनी आठचे आकडे काढायचे, म्हणजे प्लेटा एकमेकींशी जुळतात. पहिलं तेल ५०० ते १,००० किलोमीटरच्या आत काढून टाकायचं.

प्लेटा उद्यमनगरात बनवून घ्याव्यात का?

हा खास कोल्हापुरी प्रश्न आहे. शिवाजी उद्यमनगरात नमुना दिला की तसाच भाग बनवून मिळतो, ही आपली ओळख. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या वाहन उद्योगासाठी कास्टिंग ओततात. बाहेरून मागवलेल्या प्लेटांचा सेट महाग पडतो आणि यायला आठवडे लागतात. मग इथेच का नाही?

माझं मत असं. स्पेसर, शिम, सरफेस ग्राइंडिंग, हाऊसिंगची मोजणी ही कामं इथे उत्तम होऊ शकतात. अट एकच, जाडी आणि कठीणपणा मोजून द्यावा. घर्षणाच्या प्लेटांचं तसं नाही. त्यांचा पृष्ठभाग, उष्णता-प्रक्रिया आणि तेलाशी असलेलं नातं मायक्रोमीटरवर दिसत नाही. दिसायला हुबेहूब प्लेट घाटात वेगळी वागू शकते. हा कारागिराच्या हातावरचा अविश्वास नाही. मोजता येईल तिथे इथलाच हात, मोजता येत नाही तिथे मूळ भाग, एवढाच हिशेब आहे.

आयटीआयच्या मोटार मेकॅनिक ट्रेडमध्ये डिफरेन्शियल उघडणं-जोडणं शिकवलं जातंच. मायक्रोमीटर आणि सरफेस प्लेट या शहरात गल्लोगल्ली आहेत. कमी आहे ती जॉब कार्डावर आकडा लिहायची सवय.

मालकाने काय मागावं?

सेकंडहँड गाडी घेताना डिफरेन्शियलच्या तेलाचं शेवटचं बिल मागा. नसेल तर तेल, फ्रिक्शन मॉडिफायर आणि मोजणीचा खर्च सौद्यातून वजा करा. टायर जोडीनेच बदला. लहान आकाराच्या स्टेपनीवर जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच जा. रिबिल्ड केलं तर चार आकडे कागदावर घ्या: आधीचा आणि नंतरचा ब्रेकअवे टॉर्क, प्लेटांची जाडी, बॅकलॅश. जुन्या प्लेटा पिशवीत घालून परत मागा.

मिस्त्री म्हणाला, ‘साहेब, हाताला लागतंय, बरोबर आहे,’ तर त्याच्या हातावर विश्वास ठेवा आणि टॉर्क पानाही लावायला सांगा. पुढच्या वेळी तीच गाडी दुसऱ्या गॅरेजमध्ये उघडली जाईल, तेव्हा तिथल्या मिस्त्रीला तो कागदच उपयोगी पडणार आहे.