लाल अक्षरांची बदनामी

बुलढाणा जिल्ह्यात पायथन शिकायला बसलेलं पोर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात का गळतं, याचं उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. खामगावात विचारा, चिखलीत विचारा, मेहकरच्या चहाच्या टपरीवर विचारा, उत्तरं तीच. पोराचं इंग्रजी कच्चं. गणिताचा पाया नाही. इथं वातावरणच नाही, पुण्याला पाठवा. अलीकडे त्यात चौथ्याची भर पडली आहे : आता एआय सगळं लिहून देते, मग शिकायचं कायले? ही चारही उत्तरं चुकीची आहेत. प्रत्येकात खऱ्याचा थोडा अंश आहे, म्हणूनच ती इतकी टिकली.

आधी इंग्रजीचं पाहू, कारण हा आक्षेप सगळ्यांत प्रामाणिक आहे. संग्रामपूर किंवा मोताळा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाला पडद्यावरची इंग्रजी ओळ अडखळत वाचावी लागते, हे कुणी नाकारू नये. पण ती भाषा केवढी, हेही मोजून पाहावं. पायथनमध्ये राखीव शब्द ३५. इफ, एल्स, व्हाइल, फॉर, रिटर्न या जातीचे. पहिल्या वर्षात पडद्यावर उमटणाऱ्या चुकांची नावंही मोजकीच : सिंटॅक्स एरर, इंडेंटेशन एरर, नेम एरर, टाइप एरर, व्हॅल्यू एरर, इंडेक्स एरर. बसच्या पाट्यांवरून गावांची नावं शिकणाऱ्या पोराला एवढं पाठ व्हायला किती दिवस लागतील? ज्याने ही भाषा घडवली तो गीदो व्हान रॉसम डच. १९८९च्या डिसेंबरात ॲमस्टरडॅममध्ये त्याने काम सुरू केलं आणि १९९१च्या फेब्रुवारीत ते जगापुढे ठेवलं. इंग्रजी त्याच्याही घरची बोली नव्हती. तेव्हा कच्चं इंग्रजी ही अडचण आहे, गळतीचं कारण नव्हे. अडचण म्हटली की तिच्यावर उपाय शोधावा लागतो. कारण म्हटलं की सगळेच मोकळे, शिक्षकही आणि विद्यार्थीही.

मग खरं काय घडतं? प्रोग्राम चालवला, लाल अक्षरं आली, पोराने खिडकी बंद केली. किंवा पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘सर, एरर येऊन राहिला.’ फोटो काढण्याआधी त्यातली शेवटची ओळ वाचली का, असं विचारलं तर बहुतेक वेळा मान खाली जाते. शाळेने लाल रंगाचा एकच अर्थ शिकवलेला आहे : गुण कापले. पायथनची लाल अक्षरं गुण कापत नाहीत, पत्ता सांगतात. तो पत्ता न वाचता पळ काढायची सवय, हेच गळतीचं कारण आहे. माझा पक्ष एवढाच.

सोयाबीनचा हिशेब घ्या. २०२५-२६च्या हंगामासाठी केंद्राने जाहीर केलेला हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. (प्रत्यक्ष बाजारात काय हाती येतं, हा वेगळा आणि कडू विषय.) मुलाने प्रोग्राम लिहिला : माल किती क्विंटल ते इनपुटने विचारायचं, भावाने गुणायचं, रक्कम छापायची. त्याने १२ दाबले. यायला हवे होते ६३,९३६ रुपये. आलं काय, तर पडदाभर १२१२१२१२, आणि तेही पुरते ५,३२८ वेळा. संगणक बिघडलेला नाही. इनपुटमधून जे येतं ते नेहमी मजकूर असतं, संख्या नसते, आणि मजकुराला संख्येने गुणलं की पायथन तो तितक्या वेळा लिहून दाखवतो. ‘इंट’ लावून मजकुराची संख्या केली की हिशेब जुळतो. पण शेजाऱ्याचा माल साडेबारा क्विंटल निघाला की तोच प्रोग्राम व्हॅल्यू एरर देऊन थांबतो, कारण इंटला मजकुरातलं दशांशचिन्ह चालत नाही. तिथे ‘फ्लोट’ हवं. ते लावलं की ६६,६०० येतात. यात इंग्रजी कुठे आडवं आलं? आणि गणित? गुणाकार प्राथमिक शाळेतला आहे.

गणिताचा आक्षेप खरं तर इथेच संपतो. रेंजमध्ये १ ते १० लिहिलं तर मोजणी ९ वर थांबते, यादीतल्या पहिल्या घटकाचा क्रमांक शून्य असतो, तुलनेला बरोबरची खूण दोनदा द्यावी लागते : नवशिक्याला छळणाऱ्या या गोष्टी म्हणजे रिवाज आहेत, गणित नव्हे. रिवाज एकदा कळले की पुरतात.

लाल मजकूर वाचायचीही एक रीत आहे. तो खालून वर वाचावा. शेवटच्या ओळीत चुकीची जात आणि तिचं कारण असतं. त्याच्या वर ओळीचा क्रमांक. त्या ओळीत काही सापडलं नाही तर आदली ओळ पाहावी, कारण उघडा राहिलेला कंस पुष्कळदा तिथेच असतो. ऑक्टोबर २०२१मध्ये आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून तर पायथन स्वतःच सांगतो की अमुक कंस मिटलेला नाही, इथे कोलन हवा होता. नाव चुकलं तर ‘तुम्हाला हे म्हणायचं होतं का’ असंही विचारतो. एवढं करूनही उलगडा झाला नाही तर मधे मधे प्रिंट लावून कोणत्या ओळीपर्यंत किंमत बरोबर आहे ते पाहायचं. हे कौशल्य या जिल्ह्याला नवं आहे असं कुणी सांगू नये. विहिरीवरची मोटर बंद पडली की शेतकरी आधी डीपीवर लाइन आहे का बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. मोटर वर काढायची पाळी अगदी शेवटी. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, हे त्याला कुणी वर्गात शिकवलेलं नाही. त्याच्याच पोराला मात्र कॉलेजात सांगितलं जातं की एरर आला ना, मग सगळं पुसून पुन्हा टाइप कर.

इथवर खंडन झालं. पण मराठी विद्यार्थ्याच्या काही अडचणी खरोखर वेगळ्या आहेत, आणि इंग्रजी बोलणाऱ्या माणसाने लिहिलेल्या पुस्तकात त्यांचा मागमूस नसतो. ‘इंग्रजी कच्चं’ असा शिक्का मारणारे याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत.

पायथन ३मध्ये चलाचं नाव देवनागरीत ठेवता येतं. ‘भाव’, ‘क्विंटल’, ‘पाऊस’ सगळं चालतं. पण त्याच उत्साहात बरोबरच्या पुढे ५३२८ हे मराठी आकड्यांत लिहिलं की सिंटॅक्स एरर. (हा लेख मराठी आकड्यांत छापलाय; प्रोग्राममध्ये मात्र आकडे इंग्रजीच लागतात.) गंमत अशी की प्रोग्राम चालू असताना इनपुटला कुणी मराठी १२ टाइप केले आणि त्यावर इंट लावलं, तर पायथन ते बिनतक्रार बारा समजतो. आजोबांनी मराठी कळफलकावर माल टाकला तरी हिशेब बरोबर येईल. हे किती शिक्षक सांगतात? तलाठ्याच्या किंवा बँकेच्या कागदावरची रक्कम १,२०,००० अशी स्वल्पविरामांसकट उतरवली, तर मात्र इंट ती घेत नाही. आधी स्वल्पविराम काढावे लागतात.

त्याहून खट्याळ अडचण ‘शेतकऱ्या’तल्या अर्ध्या र ची. काही कळफलकांवर हा र नुक्त्याच्या ऱ पासून बनतो, काहींवर साध्या र ला एक अदृश्य जोडखूण लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण चलाच्या नावात ती अदृश्य खूण आली की पायथन ‘न छापता येणारं अक्षर’ म्हणून अडतो, आणि पोर तासभर पडद्याकडे बघत बसतं, कारण पडद्यावर चूक दिसतच नाही. हाच शब्द चलाच्या नावाऐवजी दोन याद्यांमध्ये दोन तऱ्हांनी टाइप झालेला असेल, तर एररसुद्धा येत नाही. याद्या फक्त जुळत नाहीत. ‘बुलढाणा’ची लांबी विचारा : आपण चार अक्षरं म्हणू, पायथन सात म्हणतो, कारण उकार आणि काने तो वेगळे मोजतो. तालुक्यांच्या मराठी नावांची, एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून साठवलेली यादी विंडोजवर साध्या ओपनने उघडली की कचरा दिसतो किंवा युनिकोडचा एरर येतो. उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं सांगितलं की तेरा तालुके तेरा नावांनी समोर येतात. पहिल्या मथळ्याला तरीही एखादी अदृश्य खूण भुतासारखी चिकटलेली राहिली तर एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग सांगायचं.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने संगणकाचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणले, हे मोठं काम आहे. पण इंग्रजी पाठाला मराठी आवाज दिला म्हणून मराठी मजकुराच्या अडचणी सुटत नाहीत. त्या आपल्यालाच लिहाव्या लागतील, आणि त्या लिहायला पुण्याच्या माणसापेक्षा लोणारचा किंवा नांदुऱ्याचा शिक्षक अधिक लायक आहे, कारण त्याच्यापुढे त्या रोज येतात.

पुण्याचा विषय निघालाच आहे तर तोही मिटवू. शेगावला अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३पासून आहे. समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेड राजावरून गेल्यापासून पोरं बाहेर पडतातही झपाट्याने. जावं, जरूर जावं. पण विंडोजवर पायथन बसवताना ‘पाथ’च्या चौकटीत खूण करायची राहिली की पुण्याच्या हिंजवडीतही ‘पायथन सापडला नाही’ हाच निरोप येतो आणि मलकापुरातही हाच. पॅकेज बसवणाऱ्या पिपची आज्ञा पायथनच्या तीन बाणांपुढे लिहिली की दोन्हीकडे सिंटॅक्स एरर. टर्टलने चित्रं काढायला शिकताना स्वतःच्या फाइललाच ‘टर्टल’ नाव दिलं की पायथन खरं टर्टल सोडून तुमचीच फाइल आत ओढतो आणि म्हणतो, यात ते काही नाही. फाइलचं नाव बदला, कासव चालू लागतं. याला ना क्लासची फी लागते ना खोलीचं भाडं.

वातावरण नाही म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्याच प्रयोगशाळेत डोकावावं. तिथलं वातावरण बिघडवते ती प्रॅक्टिकलची वही. तिच्यात प्रोग्राम सुवाच्य अक्षरात, खाली आउटपुट, बाजूला सही. चूक कुठेच नाही. वर्षभर जे झगडणं झालं असेल त्याची एक ओळ त्या वहीत उरत नाही, आणि पुढच्या वर्षीचं पोर तीच वही उतरवून काढतं. झेरॉक्सच्या जुन्या नोट्समध्ये प्रिंटला अजून कंस नसतात. तो पायथन २चा रिवाज, आणि पायथन २चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. वर्डमध्ये चिकटवलेल्या प्रोग्रामची सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात आणि पायथनला ती ओळखू येत नाहीत. पीडीएफमधून उचललेल्या ओळींची इंडेंट जाते, आणि पायथनमध्ये इंडेंट म्हणजे शोभा नव्हे, रचनाच. उतरवण्याच्या सवयीने जन्माला घातलेले हे एरर आहेत, आणि खापर फुटतं ते पोराच्या बुद्धीवर.

आता एआय. त्याच्याशी माझं भांडण नाही. लाल ओळ चिकटवून ‘याचा अर्थ मराठीत सांग’ असं विचारणं हा त्याचा उत्तम उपयोग आहे. आक्षेप आहे तो ‘मग शिकायचं कायले’ला. प्रोग्राम कुणीही लिहिला तरी उत्तर पटण्याजोगं आहे का, ते माणसालाच पाहावं लागतं. उदाहरणादाखल लोणारच्या विवराचं क्षेत्रफळ काढू. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे त्रिज्या ९०० मीटर. मुलाने वर्गासाठी शाळेच्या सवयीने टोपीची खूण वापरली. पायथनमध्ये ती खूण घाताची नाही, ती दोन संख्यांच्या बिटांची वेगळीच क्रिया करते. ९००चा वर्ग ८,१०,००० यायच्या ऐवजी ९०२ आला. त्याला पुढच्या ओळीत ३.१४ने गुणलं आणि लोणारचं विवर २,८३२ चौरस मीटरचं झालं. पाऊण एकराहून लहान! खरं उत्तर २५४ हेक्टरच्या आसपास. लाल अक्षर एकही आलं नाही. मुलाने विवराच्या काठावर उभं राहून पाहिलेलं असेल तर तो हसेल आणि परत ओळ तपासेल. नसेल तर उत्तर वहीत जाईल आणि त्यावर सहीही होईल.

पावसाच्या नोंदींचंही तसंच. कृषी विभाग मंडळनिहाय रोजचा पाऊस देतो. त्यातली एखादी जागा रिकामी असली तर पाऊस पडला नाही की नोंदच झाली नाही? रिकाम्याला शून्य मानलं की जिल्ह्याची सरासरी खाली येते आणि प्रोग्राम बिनबोभाट चालतो. यातलं काय खरं, ते त्या मंडळातल्या माणसाला ठाऊक असतं. यंत्राला तुम्ही सांगाल तेच. अक्षय्य तृतीयेला पावसापाण्याचं भाकीत सांगणारी भेंडवळ गावची घटमांडणी दरवर्षी वाद पेटवते. ज्यांना तो वाद घालायचाच आहे त्यांनी वर्षावर्षांचं भाकीत आणि प्रत्यक्ष पाऊस शेजारी शेजारी मांडणारा प्रोग्राम लिहावा. तो लिहिताना फ्लोट, रिकाम्या जागा, मराठी नावं, एन्कोडिंग, सगळं अंगावर येईल. शिकायला याहून चांगला धडा मला सुचत नाही, आणि वादही थोडा पुराव्याने होईल.

तेव्हा जिल्ह्यातल्या पॉलिटेक्निकच्या, महाविद्यालयांच्या आणि संगणक केंद्रांच्या शिक्षकांना विनंती आहे. पहिल्या तासाला चालणारा प्रोग्राम देऊ नका, मोडलेला द्या. सोयाबीनचा, ज्यात इंट नाही. लोणारचा, ज्यात टोपी आहे. तालुक्यांचा, ज्यात एन्कोडिंग सांगितलेलं नाही. आणि प्रॅक्टिकलच्या वहीत आउटपुटच्या आधी एक रकाना वाढवा : कोणता एरर आला, तो कोणत्या ओळीवर होता, आणि कसा सुटला. तो रकाना रिकामा असेल तर सही करू नका.