अंगठ्याचं तुणतुणं



गिटार म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तारांवरून वर-खाली सपासप फिरणारा हात येतो. शेकोटीभोवतीची गाणी, कॉलेजचं गॅदरिंग, सिनेमातला नायक. आज आपण बोलणार आहोत ते जरा वेगळ्या वाजवण्याबद्दल. यात प्लास्टिकची पट्टी लागत नाही. अंगठा जाड तारांवर ठेका धरतो आणि तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका बारीक तारांवर गाणं छेडतात. डोळे मिटून ऐकलं तर दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं. याला फिंगरपिकिंग म्हणतात.

नाव इंग्रजी असलं, तरी कल्पना आपल्या ओळखीची आहे. जात्यावर बसलेल्या बाईचा हात एका लयीत फिरत असायचा आणि तोंडातून ओवी येत असायची. ओवीत कुठे थांबायचं, कुठे लांबवायचं हे तिच्या मनावर, पण जातं थांबत नसे. पोवाड्यात शाहीर आवाज कितीही चढवो, मागचं तुणतुणं आपलं एकाच चालीनं चालू. फिंगरपिकिंगमध्ये शाहीर आणि तुणतुणंवाला दोघंही एकाच हातात राहतात. सगळी गंमत तिथे आहे आणि सगळी अडचणही तिथेच.

पेन्सिलीच्या खुणा

माझ्याकडे फिंगरपिकिंगचं एक जुनं गीतपुस्तक आहे. ते मामाचं. तरुणपणी नोकरीनिमित्त तो कोलकात्याला होता, तेव्हा फ्री स्कूल स्ट्रीटवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्यानं ते घेतलं. पानं चहाच्या रंगाची झालीत, मधल्या पिना गंजल्यात. प्रत्येक गाण्याच्या कडेला मामाच्या बारीक अक्षरात सूचना आहेत : ‘इथे अंगठा सोडू नकोस’, ‘हळू’, ‘पुन्हा हळू’. पुस्तकाच्या साधारण मध्यापर्यंत या खुणा आहेत. पुढची पानं कोरी. तिथे बदली आली, लग्न झालं, मुलं झाली आणि गिटार कपाटावर गेली.

अशी पुस्तकं बऱ्याच घरांत असतात. 1960च्या दशकात अमेरिकेत लोकसंगीताची मोठी लाट आली आणि घरी बसून शिकणाऱ्यांसाठी न्यूयॉर्कच्या ओक पब्लिकेशन्ससारख्या प्रकाशकांनी खूप पुस्तकं काढली. हॅपी ट्रॉम यांचं फिंगरपिकिंगवरचं पुस्तक त्यातलंच. ट्रॉम स्वतः ब्राउनी मॅगी या ब्लूज वादकाकडे शिकलेले. म्हणजे एकानं दुसऱ्याच्या समोर बसून जे घेतलं, ते कागदावर उतरवून तिसऱ्याला पोचवायचं, असा हा व्यवहार.

पुस्तक कसं वाचायचं?

स्टाफ नोटेशन येत नसेल तरी घाबरू नका. या पुस्तकांत बहुधा टॅब्लेचर असतं, थोडक्यात ‘टॅब’. सहा आडव्या रेघा म्हणजे गिटारच्या सहा तारा. इथे नवख्याचा हमखास गोंधळ होतो, कारण सगळ्यात वरची रेघ म्हणजे सगळ्यात बारीक तार. गिटार मांडीवर घेतली की हीच तार सगळ्यात खाली असते! रेघेवरचा आकडा म्हणजे कितव्या पडद्यावर बोट ठेवायचं ते. शून्य म्हणजे तार मोकळी. अनेक पुस्तकांत आकड्यांना दांड्या असतात. खाली वळलेली दांडी अंगठ्यासाठी, वर वळलेली इतर बोटांसाठी.

काही पुस्तकांत बोटांना पी, आय, एम, ए अशी अक्षरं दिसतील. ती स्पॅनिश नावांवरून आली आहेत : पुल्गार म्हणजे अंगठा, इन्दिसे म्हणजे तर्जनी, मेदिओ म्हणजे मधलं बोट आणि अनुलार म्हणजे अनामिका.

वाजवण्याआधी तारा जुळवा. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंतचे सूर ई, ए, डी, जी, बी, ई. आज फोनवरचं ट्यूनर हे काम मिनिटात करतं. तरी जुन्या पुस्तकातली रीत एकदा करून बघाच. सहाव्या तारेचा पाचवा पडदा दाबला की जो सूर येतो, तोच मोकळ्या पाचव्या तारेचा असायला हवा. असंच पुढे सरकायचं. फक्त दुसरी तार लावताना तिसऱ्या तारेचा चौथा पडदा दाबायचा. आठवडाभर असं केलंत तर कान हळूहळू तयार होऊ लागतो. त्यासाठी वेगळा क्लास लागत नाही.

आधी अंगठा

सी कॉर्ड धरा. पाचव्या तारेचा तिसरा पडदा अनामिकेनं, चौथ्या तारेचा दुसरा पडदा मधल्या बोटानं, दुसऱ्या तारेचा पहिला पडदा तर्जनीनं. आता उजव्या हाताचा फक्त अंगठा वापरा : पाचवी तार, चौथी तार, पाचवी, चौथी. एक, दोन, तीन, चार. मेट्रोनोम मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवा. पहिला आठवडा एवढंच. घरातली माणसं कंटाळतील, तुम्हीही कंटाळाल. पण शेजाऱ्याशी बोलता बोलता अंगठा चालू राहिला, की समजा तुणतुणं तयार झालं.

दुसऱ्या आठवड्यात पहिल्या ठोक्याला अंगठ्यासोबत मधल्या बोटानं पहिली तार छेडा. ते जमलं की दुसऱ्या आणि तिसऱ्या ठोक्याच्या मधल्या जागेत तर्जनीनं दुसरी तार. बोट मध्ये आलं की अंगठा अडखळतो किंवा घाई करतो. सगळ्यांचं होतं. तेव्हा बोटं थांबवायची, अंगठा चालू ठेवायचा आणि बोटांना पुन्हा आत घ्यायचं. या शैलीला मर्ल ट्रॅव्हिस या केंटकीच्या वादकाच्या नावावरून ‘ट्रॅव्हिस पिकिंग’ म्हणतात.

लहान मुलांसाठी अर्ध्या किंवा पाऊण मापाच्या गिटार मिळतात. कोवळ्या बोटांना नायलॉनच्या तारा सोप्या जातात, आणि वयस्कर बोटांनाही. दिवसाची पंधरा मिनिटं पुरतात. रविवारच्या दोन तासांपेक्षा रोजची पंधरा मिनिटं बरी.

कागदावर न मावलेलं

इतकं सांगूनही पुस्तक एका जागी गप्प होतं. कुठल्या बोटानं कुठली तार हे ते सांगतं. तार किती हलक्या हातानं सोडायची, दोन सुरांमध्ये किती श्वास ठेवायचा, हे कागदावर येत नाही. यावर मला नेहमी एक घर आठवतं.

1940च्या दशकात वॉशिंग्टनजवळ सीगर कुटुंब राहत होतं. वडील चार्ल्स संगीताचे अभ्यासक. आई रूथ क्रॉफर्ड सीगर संगीतकार. ध्वनिमुद्रणं पुन्हा पुन्हा ऐकून त्या लोकगीतं कागदावर उतरवत. मुलांसाठीच्या अमेरिकी लोकगीतांचं त्यांचं पुस्तक 1948 मध्ये आलं. या घरात स्वयंपाक आणि घरकामाला एक कृष्णवर्णीय बाई होत्या, एलिझाबेथ कॉटन. दुकानाच्या गर्दीत हरवलेली छोटी पेगी सीगर त्यांनी आईपाशी आणून दिली होती, त्या ओळखीतून हे काम मिळालेलं.

घरभर गाण्यांचे कागद पसरलेले आणि स्वयंपाकघरातल्या बाईंच्या हातात गाणी साठलेली, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. कॉटन उत्तर कॅरोलिनाच्या. लहान वयात लोकांकडे काम करून पैसे साठवले आणि पावणेचार डॉलरची गिटार घेतली. त्या डावखुऱ्या. गिटार उजव्या हाताची, तीच उलटी धरून वाजवायच्या. त्यामुळे त्यांची बोटं जाड तारांवर आणि अंगठा बारीक तारांवर पडे. पुस्तकाच्या बरोब्बर उलट! शाहीर अंगठ्यात, तुणतुणं बोटांत. पुढे लग्न झालं. चर्चमधल्या लोकांनी ऐहिक गाणी सोडायला सांगितली आणि गिटार सुटली. कित्येक वर्षं त्यांनी तिला जवळजवळ हात लावला नव्हता.

सीगरांच्या घरी भिंतीवर एक गिटार होती. एके दिवशी त्यांनी ती उतरवून घेतली. हात विसरले नव्हते. पेगी आणि तिचा भाऊ माइक त्यांच्याकडे बघत बघत शिकले. किशोरवयात रचलेलं त्यांचं ‘फ्रेट ट्रेन’ हे गाणं पेगीबरोबर इंग्लंडला गेलं आणि 1957 मध्ये तिथे गाजलं, पण रचनाकार म्हणून भलत्यांचीच नावं लागली. श्रेय मिळवण्यासाठी झगडावं लागलं. माइकनं ध्वनिमुद्रित केलेला त्यांचा पहिला अल्बम 1958 मध्ये फोकवेजनं काढला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. 1985 मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं. 1987 मध्ये त्या गेल्या, तोवर त्यांची ती उलटी शैली ‘कॉटन पिकिंग’ म्हणून जगभरचे गिटारवाले शिकू लागले होते.

म्हणून जुन्या पुस्तकात गाण्याखाली बारीक टायपात एखादं नाव असलं, तर ते वाचल्याशिवाय पान उलटू नका. ते गाणं कुणाच्या तरी हातातून तिथे आलेलं असतं. आणि घरात वाजवणारं कुणी असेल, तर पुस्तक त्यांच्याशेजारी बसून उघडा.

मामा आता सत्तरीत आहे, इंदूरला असतो. सांध्यांमुळे कॉर्ड धरता येत नाही. व्हिडिओ कॉलवर मी वाजवते तेव्हा तो टेबलावर अंगठ्यानं ठेका देतो. माझी लय पळाली की तो थांबतो. मग मीही थांबते. पुस्तकातलं ‘पुन्हा हळू’ कसं वाचायचं ते मला असं समजलं. मध्यानंतरच्या कोऱ्या पानांवर आता माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्यातल्या निम्म्या त्यानं सांगितलेल्या.

जाता जाता

असं पुस्तक घरात असेल तर थोडी काळजी घ्या. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडते आणि कागद खाते. रोजच्या सरावासाठी पानाचा फोटो काढून फोनवर ठेवा आणि मूळ पुस्तक कोरड्या जागी सपाट ठेवा. खुणा पेन्सिलीनंच करा, आणि आधीच्या कुणाच्या असतील तर त्या पुसू नका.

आणि पुस्तक नसलं तरी काही बिघडत नाही. तुम्हाला तोंडपाठ असलेलं, दोन-तीन कॉर्डमध्ये बसणारं एखादं गाणं घ्या. अंगाईही चालेल. आधी चार ठोके अंगठा, मग हलकेच गाणं. गिटार कपाटावर असेल तर आज खाली उतरवा, धूळ पुसा आणि तारा बघा. गंजल्या असतील तर नवा संच आणा. पहिल्या आठवड्यात फक्त अंगठा, हे मात्र विसरू नका.