बन्सलनंतर कुठलं पुस्तक?

चाकणला सीएफडीच्या कामावर लागलेली पोरं विचारतात, "सर, फ्लुइडचं वरच्या लेव्हलचं कुठलं पुस्तक घेऊ?" बी.ई. बहुतेकांनी बन्सलवर काढलेलं असतं. त्यात कमीपणा नाही, परीक्षेला ते पुरतं. पण बर्नुलीची गणितं सोडवणं वेगळं आणि स्क्रीनवरचं रंगीत चित्र खोटं बोलतंय हे ओळखणं वेगळं.

सॉफ्टवेअर उत्तर देतंच. के-एप्सिलॉन मॉडेल साध्या वॉल फंक्शनसह लावलं, तर भिंतीलगतच्या पहिल्या सेलचा वाय-प्लस साधारण 30 ते 300 हवा. तो 10 वर आला तरी रिपोर्ट निघतो. घर्षणाचा आकडा मात्र भरवशाचा राहत नाही. त्या रिपोर्टखाली सही तुमची असते, सॉफ्टवेअरची नव्हे. हे असं का होतं, ते बाउंडरी लेयर मुळापासून शिकल्याशिवाय कळत नाही.

प्राध्यापक मंडळी बॅचलरचं 1967 चं पुस्तक सुचवतात. थोर आहे, पण शिफ्ट करून रात्री एकट्याने वाचणाऱ्याच्या हाती ते देणं मला निर्दयपणाचं वाटतं. मी फ्रँक व्हाइटचं 'व्हिस्कस फ्लुइड फ्लो' सांगतो. टेन्सर कच्चे असतील तर आधी कुंडू. त्यात कार्टेशियन टेन्सरवर वेगळं प्रकरणच आहे. जुनी आवृत्ती चालेल, नेव्हिअर-स्टोक्सचं समीकरण काही बदललेलं नाही. आणि पैसे मोजण्याआधी लायब्ररीत बसून व्हाइटच्या चौथ्या प्रकरणातली दोन गणितं करून बघा.