दंतहर्ष

'हर्ष' म्हटले म्हणजे वाचकांस आनंदच आठवेल. परंतु संस्कृतातील 'हृष्' धातूचा शहारणे, ताठ उभे राहणे असाही अर्थ असून 'रोमहर्ष' या शब्दात तोच अभिप्रेत आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात दातांचे जे आठ रोग गणिले आहेत, त्यांत 'दंतहर्ष' हा एक होय. शीत, उष्ण आणि स्पर्श दातांस असह्य होणे, हे त्याचे लक्षण तेथे सांगितले आहे. थंड पाण्याने दात शिवशिवतात असे आपण घरी म्हणतो, तो हाच विकार.

याचे मूळ दातांच्या रचनेत आहे. दातावरील शुभ्र कवचास दंतवल्क म्हणतात. मनुष्यशरीरात त्याहून कठीण पदार्थ नाही. तथापि ते एकदा झिजले म्हणजे पुनः वाढत नाही. त्याखालील दंतिन नामक थरात अतिसूक्ष्म नलिका असतात. एका चौरस मिलिमीटरात त्या हजारोंनी मोजाव्या लागतात. आवरण गेले की त्यांची तोंडे उघडी पडतात, आणि थंड पदार्थ लागताच आतील द्रव हालून गाभ्यातील मज्जातंतूंस चेतवितो. स्वीडनचे मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांनी दृढ केलेली ही उपपत्ती आज सर्वाधिक मान्य आहे.

हे आवरण नाहीसे कोण करतो? पुष्कळदा आपला हातच! दात जितके जोराने घासावे तितके स्वच्छ, अशी समजूत घरोघरी आढळते. राठ ब्रशाने आडवे रगडणे, राखुंडी वा कोळशाची पूड चोळणे, यांनी हिरड्या मागे सरतात व मुळाजवळचा भाग झिजतो. तेथील आवरण मुळातच पातळ असते. दुसरे कारण आम्ल. लिंबू, चिंच, आम्लपित्ताने घशाशी येणारे पाणी यांनी दंतवल्क मऊ पडते, आणि लगेच दात घासल्यास ते अधिक झिजते. झोपेत दात खाण्याची सवय हे तिसरे.

मात्र प्रत्येक कळ दंतहर्षाची नव्हे, हा विवेक अवश्य ठेवावा. दंतहर्षाची कळ तीव्र पण क्षणिक; कारण दूर होताच ती ओसरते. पाणी गिळल्यावरही दात ठणकत राहिला, अथवा रात्री ठणक्याने जाग येऊ लागली, तर विकार गाभ्यापर्यंत पोहोचल्याची शंका घ्यावी. अशा वेळी लवंगेचे तेल लावून दिवस लोटल्यास दात गमावण्याची पाळी येते. वेळीच उपचार झाल्यास तोच दात पुष्कळदा वाचतो.

खऱ्या दंतहर्षास उपाय साधे आहेत. ब्रश मऊ व हात हलका असावा. आंबट खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी व अर्धा तास तरी दात घासू नयेत. पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपला सोराच, योग्य प्रमाणात घातलेली पेस्ट मज्जातंतूंची चेतना मंद करते. परंतु गुण येण्यास दोन ते चार आठवडे लागतात. दोन दिवसांत ती टाकून देणाऱ्याने औषधास बोल लावू नये.

शेवटी एक सूचना. घरातील वडील माणसे थंड पाणी सोडतात, एकाच बाजूने चावू लागतात आणि 'वयच झाले' म्हणून गप्प बसतात. वस्तुतः वयाबरोबर दंतिन आतून जाड होत जाते व ही संवेदना बहुधा कमीच होते. म्हणून उतारवयात नव्याने कळ येऊ लागल्यास ती वयाच्या खाती न टाकता दंतवैद्यांस दाखवावी, हे उत्तम.