थंडी दाराच्या आतली

मंडळी, डिसेंबर आला की निफाडचा पारा किती उतरला याची पेपरात चौकट येते. पण तो पारा उघड्यावरचा. माझ्यासारखी सत्तरी ओलांडलेली माणसं हिवाळ्यात बहुतेक वेळ घरातच काढतात. त्या घरातल्या पाऱ्याची चौकशी कोणी करत नाही.

यंदा मी बैठकीच्या खोलीत साधं तापमापक टांगलं. सकाळी सहाला १५ अंश! आपली घरं बांधलेली उन्हाळ्यासाठी. शहाबादी फरशी, उंच छत, नीट न मिटणाऱ्या खिडक्या... मे महिन्यात सुख, जानेवारीत फरशीवर पाय ठेववत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंडीत घरात किमान १८ अंश असावेत असं सुचवलं. म्हाताऱ्यांना त्याहून जास्तही लागतात.

कोणी म्हणेल, "अहो गुरुजी, हिवाळा म्हणजे तब्येत कमावायचा ऋतू!" डिंकाचे लाडू मलाही आवडतात. पण गारठ्यात कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो. शिवाय वय झालं की थंडी जाणवणं आणि कुडकुडणं दोन्ही कमी होतं, म्हणजे धोक्याची घंटाच नीट वाजत नाही. २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये १३ देशांतल्या मृत्यूंचा अभ्यास आला. तापमानामुळे ओढवलेले बहुतेक मृत्यू थंडीचे निघाले, आणि तेही कडाक्याच्या नव्हे, बेताच्या थंडीचे जास्त. त्यात भारत नव्हता हे खरं. पण आपली हाडं काही वेगळ्या मातीची नाहीत.

म्हणून पहाटे गार पाण्याने आंघोळ करून कट्ट्यावर फुशारकी मारणाऱ्या माझ्या समवयस्कांशी माझं भांडण आहे. दारं लावून कोळशाची शेगडी पेटवणं तर त्याहून वाईट. तो विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. त्यापेक्षा मोजे, कानटोपी, गोधडी, आणि ऊन कलायच्या आत खिडक्या बंद. हीटरही थोडा वेळ लावावा. पण बिलाची धास्ती आम्हा पेन्शनरांच्या अंगात मुरलेली! तिला काटकसर म्हणणं मला पटत नाही.

भाचे-पुतणे हे वाचतात, म्हणून सांगतो. फोनवर "जेवलात का?" विचारता, तसं "खोलीत किती अंश?" हेही विचारत जा. आमच्या वहिनी, वय ८३, एकट्या राहतात आणि "मला मेलीला कुठे थंडी वाजते?" म्हणतात. त्यांच्याकडे मी दुसरं तापमापक पाठवलंय. काल सकाळचा आकडा १४. रविवारी जाऊन त्यांची कॉट उत्तरेच्या खोलीतून स्वयंपाकघरालगत हलवायची आहे. कोणी येणार असेल तर कळवा, कॉट सागवानी आहे.